सशाच्या आवाजात बोलणारी माणसं

शिकारीची पुस्तकं मराठी वाचकाला नवी नाहीत. जिम कॉर्बेट आणि केनेथ अँडरसन आपल्याकडे इतके वाचले गेले की मचाण, हाका, झाडाला बांधलेलं रेडकू हे सगळं जन्मात बंदूक हातात न धरलेल्या माणसालाही पाठ असतं. त्या शिकारीत एक तर माणूस माग काढत जनावराकडे जातो, नाही तर हाकारे रान उठवून जनावर त्याच्यापुढे आणतात. या पुस्तकातला शिकारी यांतलं काहीच करत नाही. तो एखाद्या झुडपाला पाठ टेकून बसतो, बोटभर लांबीची नळी ओठांत धरतो आणि मरायला टेकलेल्या सशासारखा किंचाळतो. मग गप्प राहून वाट बघतो. कायोटी नावाच्या प्राण्याला यायचं असेल तर तो येतो, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या मर्जीने. नसेल यायचं तर पंधरा-वीस मिनिटांनी शिकारी उठतो, मैल-दोन मैल पुढे जातो आणि पुन्हा किंचाळायला बसतो.

वर्णन थोडं हास्यास्पद वाटेल. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडे दर हिवाळ्यात असंख्य माणसं हेच करतात. त्यांच्यातली जी खरोखर तयारीची आहेत त्यांना वारा, थंडी, जमिनीचा उतार, ऋतू आणि एका कमालीच्या संशयी प्राण्याचं डोकं यांविषयी जे कळतं, त्याचा प्राणिशास्त्राच्या पदवीधरालाही हेवा वाटावा. ही प्रस्तावना मुख्यतः त्या कळण्याविषयी आहे. बंदुकीचं मला स्वतःला फारसं कौतुक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कायोटी म्हणजे अमेरिकेतला कोल्हा, असं म्हटलं तर फार बिघडत नाही. आपल्या कोल्ह्याचा तो जवळचा नातलग, अंगाने जरा मोठा. पश्चिमेकडच्या मैदानांत साधारण नऊ ते सोळा किलोचा. पूर्वेकडे त्याहून भारी, कारण तिकडे सरकता सरकता त्याच्यात लांडग्याचं आणि कुत्र्याचंही रक्त मिसळलं. १८०४ मध्ये लुईस आणि क्लार्क यांच्या शोधमोहिमेला तो मिझुरी नदीच्या परिसरात दिसला, तेव्हा त्यांनी त्याला माळावरचा लांडगा म्हटलं. १८२३ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ टॉमस से याने त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. त्या काळी तो माळांचा आणि वाळवंटांचा रहिवासी होता. आज तो अलास्कापासून पनामापर्यंत आहे, आणि हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एक पकडला गेला. शिकागो परिसरातल्या कायोटींचा अभ्यास २००० पासून चालू आहे. तिथे ते रेल्वेच्या रुळांलगत, दफनभूमीत, गोल्फच्या मैदानाच्या कडेला संसार थाटून असतात आणि शेजारच्या घरातल्या माणसाला पत्ताही नसतो.

हा सगळा विस्तार झाला तो त्याला मारण्याची मोहीम जोरात असताना. १९३१ च्या एका कायद्याने उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त हे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं काम ठरलं. स्ट्रिकनीन, लोखंडी सापळे, ‘टेन-एटी’ नावाचं जहर, हलक्या विमानांतून गोळीबार असं सगळं झालं. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या मालकीच्या जमिनींवरचा विषप्रयोग थांबवला. मारणं मात्र थांबलं नाही. आजही तिथल्या कृषी खात्याची एकच शाखा वर्षाला साठ हजारांच्या घरात कायोटी मारते, आणि खासगी शिकाऱ्यांनी टिपलेले वेगळेच. लांडगा विषाने आणि सापळ्यांनी पश्चिमेतून नाहीसा झाला. कायोटी उरला, वर लांडग्याची रिकामी झालेली जागाही त्याने घेतली. १९९५ मध्ये यलोस्टोनमध्ये लांडगे परत आणून सोडले तेव्हा तिथल्या उत्तर भागातले कायोटी काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. माणसाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते लांडग्याने करून दाखवलं.

माणसाला का जमलं नाही, याचं उत्तर कायोटीच्या विणीत आहे. संख्या घटली की उरलेल्यांना खायला भरपूर मिळतं, पिल्लं जास्त जगतात, एरवी आईबापांच्या आसऱ्याने राहणारी वर्षाची मादीही विते. १९७५ मध्ये गाय कॉनली आणि विल्यम लाँगहर्स्ट या संशोधकांनी याचं गणित मांडलं. दरवर्षी पंचाहत्तर टक्के कायोटी मारत राहिलं तरी त्यांचा निकाल लागायला पन्नासेक वर्षं जातील, असा त्यांचा हिशेब निघाला. नळी फुंकून एकेक टिपणाऱ्या शिकाऱ्याने हा हिशेब उशाशी ठेवून झोपावं. आपण कायोटींची संख्या आटोक्यात ठेवतो, असं त्याला वाटत असेल तर ते त्याच्या मनाचं समाधान आहे.

आवाज काढून जनावर बोलावणं ही काही अमेरिकेची मिरास नाही. आपले फासेपारधी तित्तराची हाक तोंडाने हुबेहूब काढत आले आहेत. कॉर्बेटने १९३८ च्या नोव्हेंबरात ठाकची नरभक्षक वाघीण मारली ती, ती नराला साद घालत हिंडत असताना, वाघाचा आवाज काढून तिला स्वतःकडे बोलावून. अमेरिकेत या कलेचा धंदा झाला, एवढाच फरक. टेक्सासमधल्या मार्बल फॉल्स गावच्या बर्नहॅम बंधूंनी १९५० च्या दशकात अशा नळ्या लोकांपर्यंत पोचवल्या. पुढे त्याच राज्यातल्या वेकोच्या जॉनी स्टुअर्टने जनावरांचे खरे आवाज मुद्रित करून त्यांच्या तबकड्या विकल्या. आता शेकडो आवाज पोटात घेतलेला, दूर ठेवून रिमोटने चालवायचा स्पीकर मिळतो. जुनी मंडळी त्याला नाकं मुरडतात आणि बहुतेक जण तो वापरतातही.

नळी दिसायला क्षुल्लक. तिच्यात पेटीच्या सुरात असते तशी पातळ पत्ती बसवलेली असते; फुंकर गेली की ती थरथरते. एका प्रकारात पत्ती आत बंद असते आणि आवाज एकाच जातीचा निघतो. दुसऱ्या प्रकारात ती उघडी असते, तिच्यावर दातांचा किंवा ओठांचा दाब कमीजास्त करून उंदराच्या चिवचिवीपासून कायोटीच्या कोल्हेकुईपर्यंत काहीही काढता येतं. मात्र ते शिकायला महिने लागतात, आणि शिकणाऱ्याच्या घरच्यांची दया यावी असे ते महिने असतात.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या विद्येच्या मुळाशी एक अडचण आहे. वारा आवाज नेतो आणि वासही नेतो, आणि दोन्ही एकाच बाजूला नेतो. वाऱ्याविरुद्ध निघालेला आवाज वर उचलला जातो, जमिनीलगत त्याची जणू सावली पडते. तिकडच्या कायोटीला तो नीट ऐकूच येत नाही. ज्याला स्पष्ट ऐकू येतो तो वाऱ्याखाली असतो, आणि त्याच वाऱ्यावर बसून माणसाचा वास त्याच्याकडे निघालेला असतो. म्हणजे ज्याला हाक पोचते त्यालाच हाक मारणारा कोण आहे हेही पोचतं. बरं, वरच्या अंगाला असलेला एखादा आलाच, तरी सरळ येत नाही. शेवटच्या टप्प्यात तो वळसा घालून वाऱ्याखाली जातो, नाकाने खातरजमा करायला. ससा ओरडतोय हे खरं, पण मग सशाचा वास कुठाय?

या वळशावरच सगळी मांडणी बेतलेली असते. शिकारी वारा शक्यतो आडवा घेऊन बसतो. वाऱ्याखालचा भाग मोकळा निवडतो, म्हणजे वळसा घालणारा प्राणी उघड्यावर येईल. स्पीकर असेल तर तो स्वतःपासून चाळीसेक पावलांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवतो. कायोटीचं लक्ष त्या आवाजावर असतं, तो त्याच्या खालच्या अंगाला यायला निघतो, आणि माणसाच्या वासाची रेषा ओलांडण्याआधी बंदुकीसमोरून जातो. जायला हवा, असं म्हणू. डोंगराळ भागात हे गणित तासातासाला बदलतं: पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन तापलं की तीच वर चढू लागते. सकाळी सातला अचूक असलेली बैठक दहाला कुचकामी ठरते.

वायोमिंगमधल्या सेजब्रशच्या झुडपांच्या माळावरची जानेवारीतली सकाळ घ्या. गाडी टेकाडाआड लावलेली. दार आपटायचं नाही, हाताने दाबून बंद करायचं. टेकाडाच्या माथ्यावरून चालायचं नाही, कारण आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभा माणूस दोन मैलांवरून दिसतो. सूर्य पाठीशी, झुडपाची सावली अंगावर, रायफल दोन काठ्यांच्या टेकूवर, हात मांडीवर स्थिर. बसल्यावर पहिली काही मिनिटं नुसती शांतता. मग पहिला आवाज हळू काढायचा. समोरच्या घळीतच एखादा झोपलेला असला तर एकदम मोठ्या किंकाळीने तो बिथरून जाईल. त्यानंतर चढता आवाज, थांबा, पुन्हा आवाज. पुष्कळदा आधी मॅगपाय पक्षी येतो, मेजवानीची चौकशी करायला, आणि अनुभवी माणूस त्याच्या वागण्यावरून पलीकडच्या उतारावर काय चाललंय त्याचा अंदाज बांधतो. मग कधीतरी समोरच्या धारेवर एक करडा ठिपका उभा असतो. तो कधी आला हे बहुधा दिसत नाही. बघावं तर असतो. तीनशे मीटरवर थांबून तो आवाज जिथून आला नेमक्या त्या झुडपाकडे बघतो, कारण त्याचे कान दिशा फारशी चुकत नाहीत. आता नळी खाली. ओठ आवळून उंदरासारखी नुसती चिवचिव. तो उतरू लागतो, धावत येतो, आणि नेम धरता यावा म्हणून शिकारी तोंडाने एकदाच भुंकतो. कायोटी थबकतो. पुढचं सेकंदाचं काम आहे, आणि ते चुकलं तर त्याची किंमत पुढची काही वर्षं मोजावी लागते, तिच्याकडे येतोच.

थंडी हाच या शिकारीचा खरा हंगाम. वारा पडलेल्या गोठत्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज वर निसटण्याऐवजी जमिनीकडे वाकतो आणि मैलभर ऐकू जातो. तीच जमीन दुपारी उन्हाने तापली की आवाज वर फेकला जातो. वारा तासाला वीस मैलांच्या वर गेला की बरेच जण गाडीतच बसून कॉफी पितात, आणि शहाणे असतात. भुसभुशीत ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो. जुना, कडक थंडीतला कोरडा बर्फ बुटाखाली असा करकरतो की बैठकीला पोचण्याआधीच सगळ्या रानाला वर्दी मिळते. उणे वीस अंशांत नळीसुद्धा दगा देते. फुंकरीतली वाफ पत्तीवर गोठते, आवाज चिरका होतो आणि मग बंदच पडतो. म्हणून दोन नळ्या बाळगायच्या, एक ओठांत आणि एक कोटाच्या आत छातीशी, आणि आलटून पालटून वापरायच्या. असले तपशील मला बंदुकांच्या वर्णनापेक्षा जास्त वाचनीय वाटतात. वादळ ओसरल्यावरचा पहिला दिवस सगळ्यांत चांगला, असं बहुतेक जण सांगतात. दोन-तीन दिवस दडून बसलेला भुकेला प्राणी तेव्हा भरदुपारीही बाहेर पडतो.

पूर्वेकडे, पेनसिल्व्हेनिया किंवा मेनच्या जंगलांत, यातलं बरंचसं उलटं होतं. तिथे नजर चाळीस-पन्नास मीटरवर अडते, आवाज झाडांत मुरतो, रायफलीऐवजी छऱ्यांची बंदूक कामाला येते, आणि बैठक धरायची ती शेताच्या बांधावर किंवा गोठलेल्या तळ्याच्या काठी. ॲरिझोनाच्या वाळवंटात कायोटी आला तर पहिल्या पाच-दहा मिनिटांत पळतच येतो, पण पाहुणा तोच असेल याची खात्री नाही. सशाची किंकाळी ऐकून बॉबकॅट नावाचं रानमांजर येतं, क्वचित पहाडी सिंह येतो, आणि संध्याकाळच्या वेळी मोठं शिंगाळं घुबड शिकाऱ्याच्या टोपीलाच ससा समजून झडप घालतं. या व्यवसायात माणसाने स्वतःला भक्ष्य म्हणून जाहीर केलेलं असतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

रात्रीच्या शिकारीविषयी थोडक्यात. काही राज्यांत ती चालते, काहींत चालत नाही. पूर्वी लाल दिव्यात चमकणारे डोळे शोधायचे. आता उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीत गरम प्राणी थंड माळावर पांढरा उठून दिसतो. परिणामकारक आहे. सेजब्रशच्या माळावर जे सगळं वाचावं लागत होतं, त्यातलं निम्मं या यंत्राने अनावश्यक केलं, म्हणून मला त्यात रस उरत नाही.

ऋतूप्रमाणे हाकेचा अर्थ बदलतो, आणि हा भाग फार सुरेख आहे. शरद ऋतूत वर्षाच्या आतली पिल्लं आईबापांचा मुलूख सोडून नशीब काढायला निघतात. ती अननुभवी असतात. सशाच्या साध्या किंकाळीला भुलतात. डिसेंबर संपेपर्यंत भोळी बहुतेक मेलेली असतात आणि उरलेल्यांनी ती किंकाळी ऐकून ठेवलेली असते. फेब्रुवारीच्या आसपास जोड्यांचा मीलनकाळ येतो, तेव्हा भुकेपेक्षा हद्द महत्त्वाची होते. सशाकडे ढुंकून न बघणारा नर परक्या कायोटीची कोल्हेकुई आपल्या मुलखात ऐकली की जाब विचारायला येतो. एप्रिल-मेमध्ये पिल्लं झाल्यावर पिल्लाच्या केकाटण्याला आईबाप दोघंही धावतात. या दिवसांत मेंढपाळांच्या सांगण्यावरून काम करणारे व्यावसायिक याच आवाजाचा उपयोग करतात. हौशी शिकाऱ्याने तो करू नये, असं माझं मत आहे. मारलेल्या जोडीमागे बिळात काय राहतं ते सांगायला नको.

मेंढ्यांचा प्रश्न खोटा नाही. अमेरिकेत वन्य आणि मोकाट प्राण्यांनी मारलेल्या मेंढ्या-कोकरांत निम्म्याहून अधिक कायोटींच्या नावावर जातात. माणदेशातल्या धनगराला लांडग्याने नेलेल्या कोकराचं जे वाटतं तेच तिथल्या मेंढपाळालाही वाटतं. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॉपलंड इथल्या केंद्रात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासातून दिसलं की कोकरं मारतात ती मुख्यतः मुलूख धरून बसलेली, पिल्लं वाढवणारी प्रौढ जोडपी. आणि सरसकट पकडण्या-मारण्याच्या उपायांत नेमकी तीच सापडत नाहीत. हिवाळ्यात नळीला भुलून येणारा बहुधा भटका तरुण असतो. त्याला मारून मेंढपाळाचं कोकरू वाचत नाही. म्हणून ‘आम्ही शेतकऱ्यांना मदत करतो’ हे शिकाऱ्यांचं लाडकं समर्थन मला पटत नाही. आपल्याला ही विद्या आवडते, माळावर बसायला आवडतं, कातडं विकलं तर चार पैसे येतात, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. तेही पैसे आता राहिले नाहीत. कोटाच्या टोपीला कायोटीची झालर लावणाऱ्या कॅनडा गूज कंपनीने २०२१ मध्ये फर वापरणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं, आणि आधीच पडलेला बाजार आणखी पडला.

बक्षिसं लावून जास्तीत जास्त कायोटी मारण्याच्या ज्या स्पर्धा भरतात, त्यांच्याबद्दल मी मध्यममार्ग काढणार नाही. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशी बक्षिसं बंद केली, पुढे व्हरमाँट, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनानेही त्याच वाटेने पावलं टाकली. वारा वाचत झुडपाखाली बसणाऱ्या माणसाचा आणि रविवारी संध्याकाळी गाडीच्या हौद्यात प्रेतं मोजणाऱ्या माणसाचा धंदा एकच, असं अनेक राज्यांतला कायदा म्हणत असला तरी मी म्हणत नाही.

राहिला शिकलेला कायोटी. नेम चुकलेला, किंवा वासाची रेषा गाठून परत फिरलेला कायोटी तो आवाज विसरत नाही. पुढच्या वेळी तो ऐकतो आणि उलट्या दिशेने निघून जातो, किंवा शंभर पावलं वाऱ्याखाली बसून राहतो आणि शिकारी उठून गेल्यावर बैठकीची जागा हुंगून जातो; बर्फावर त्याच्या पावलांची नोंद उरते. प्रत्येक हंगामात भुलणारे मरतात आणि न भुलणारे पिल्लं वाढवतात. शिकारी नवा आवाज शोधतो, कायोटी तोही शिकतो. म्हणून इतक्या वर्षांनंतरही कुणाला हमखास चालणारी युक्ती सापडलेली नाही, आणि या पुस्तकातही ती नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर या पुस्तकाचा व्यावहारिक उपयोग शून्य आहे, असं कुणाला वाटेल. बंदूक गेली हे खरं. स्पीकर आला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंगाचा फोटो मिळावा म्हणून त्याची मुद्रित शीळ मोबाइलवरून पुन्हा पुन्हा वाजवणारे हौशी छायाचित्रकार सह्याद्रीत कमी नाहीत. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो पक्षी घरटं सोडून फांदीफांदीवर धावपळ करतो. फेब्रुवारीतला कायोटी ज्या कारणाने धावत येतो, त्याच कारणाने. फोटो काढणाऱ्याच्या हातून कुणी मरत नाही म्हणून तो स्वतःला शिकाऱ्याच्या पंक्तीत बसवत नाही. हे पुस्तक वाचून त्याने थोडं अवघडून बसावं, अशी माझी इच्छा आहे.

वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. काडतुसांची आणि नळ्यांच्या बनावटीची प्रकरणं ज्यांना नको असतील त्यांनी ती खुशाल ओलांडावीत. काही अडणार नाही. वाऱ्याचं प्रकरण मात्र आधी वाचावं, मग ऋतूंचं. निरनिराळ्या राज्यांचे परवाने आणि नियम शेवटी दिले आहेत. ते दर हंगामाला बदलतात, तेव्हा तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी छापील मजकुरावर विसंबू नये, आपापल्या राज्याच्या वन्यजीव विभागाकडून चालू वर्षाचे नियम मागवून घ्यावेत.